घरी पीसीबी बनवताय? आधी एक चाचणी-बोर्ड बनवा

ब्रेडबोर्डवर सर्किट चालतंय, मग पीसीबीच्या भानगडीत कशाला पडायचं? मलाही असंच वाटायचं. मग फोटोडायोडचा अॅम्प्लिफायर करायला घेतला. फीडबॅकला १ मेगाओमचा रेझिस्टर आणि ५ पिकोफॅरडचा कपॅसिटर. हिशेबाने बँडविड्थ ३२ किलोहर्ट्झच्या आसपास यायला हवी होती. पण वायर जरा हलवली की आकडा बदलायचा! कारण ब्रेडबोर्डच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांमध्येच काही पिकोफॅरड असतात. मग मी नक्की काय मोजत होतो, प्रकाश की ब्रेडबोर्ड?

घरी सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे टोनर ट्रान्सफर. लेझर प्रिंटरचा टोनर हा मुळात प्लॅस्टिक. गुळगुळीत कागदावर छापलेलं डिझाइन कॉपर क्लॅडवर पालथं ठेवून कोरड्या, गरम इस्त्रीने दाबलं की टोनर तांब्याला चिकटतो. कागद पाण्यात भिजवून काढायचा आणि बोर्ड फेरिक क्लोराइडच्या द्रावणात सोडायचा. टोनरखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळतं.

पण लगेच खरं सर्किट छापू नका. आधी चाचणी-बोर्ड करा. त्यावर ०.२ ते १ मिमी रुंदीचे ट्रॅक काढा, मध्ये तेवढ्याच फटी ठेवा. सोबत बरोबर १०० मिमीची एक रेघ आणि एखादं अक्षर. आता तपासा:

१. रेघ मोजा. १०० मिमी नाही भरली, तर झेरॉक्सच्या दुकानात ‘फिट टू पेज’ चालू राहिलं असणार. अशा बोर्डवर आयसीचे पाय बसत नाहीत.

२. अक्षर सुलटं आलंय का? इस्त्री करताना चित्र उलटतं. कायकॅड खालचा थर वरून, आरपार पाहिल्यासारखा दाखवतं. तो तसाच छापा. वरचा थर मात्र मिरर करून.

३. मल्टिमीटरने प्रत्येक ट्रॅक अखंड आहे का, शेजारच्याला चिकटलाय का, ते बघा.

समजा ०.४ मिमीपर्यंतचे ट्रॅक नीट आले. मग डिझाइनमध्ये ०.६ धरा, थोडी सूट हवीच. सुरुवातीला २.५४ मिमी अंतरावर पाय असलेल्या आयसी बऱ्या.

एक गोष्ट हलक्यात घेऊ नका. फेरिक क्लोराइडची पावडर पाण्यात हळूहळू टाका, पावडरवर पाणी ओतू नका; ती चांगलीच तापते. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, प्लॅस्टिकचा ट्रे. आणि वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही म्हणजे नाही. त्यातलं तांबं पाण्यातल्या जिवांना घातक असतं. लेबल लावलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवा आणि विभागाच्या रासायनिक कचऱ्यात द्या.

चाचणी-बोर्डाचे आकडे तारीख घालून प्रयोगवहीत लिहा. कागद किंवा प्रिंटर बदलला की चाचणी पुन्हा करा. उद्या रीडिंग विचित्र आलं, तर निदान बोर्डवर संशय घ्यायचा की नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल.