मुलाच्या उंचीवरून स्वयंपाकघर

स्वयंपाकघर आपण उभ्याने पाहतो. रांगते मूल ते जमिनीवरून पाहते. श्रोतेहो, एकदा त्याच्या शेजारी बसून पाहावे. ओट्याबाहेर डोकावणारा तव्याचा दांडा, टेबलावरून लोंबणारे कापड, खाली उतरवून ठेवलेले आमटीचे पातेले यांचा अर्थ तेथून निराळाच भासतो. हाताला लागेल ते ओढून पाहणे हा बालकाचा धर्मच आहे. सावध राहावयाचे ते आपण.

बालकाची त्वचा प्रौढांपेक्षा पातळ असते. आपल्याला नुसता चटका देणारा चहा त्याला खोलवर भाजतो. म्हणून दांडे भिंतीकडे वळवावेत, कढत भांडी जमिनीवर ठेवू नयेत, मूल मांडीवर असता चहा घेऊ नये. रॉकेल सरबताच्या बाटलीत कधीही भरू नये. मुलाने ते प्यायलेच, तर ओकारी काढवू नये. ओकताना ते फुप्फुसात शिरण्याचे भय असते. तत्काळ दवाखाना गाठावा.

मूल भाजल्यास हळद, तूप वा बर्फ न लावता तो भाग २० मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा, आणि मग डॉक्टरांकडे न्यावे. चुलीची ऊब साऱ्या घराला लाभावी. तिची धग मात्र बाळापर्यंत पोहोचू नये.