दोन गुरूंचा एक रोगी

आमच्या जळगांवच्या वडील बंधूंस अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हां घरांतील सर्वांनीं सेवेची पराकाष्ठा केली. सून घांस भरवी, पुतण्या सदरा घाली; दादांचा उजवा हात मात्र उशीवर पडून राही. व्यायामोपचार करणारे गृहस्थ म्हणत, “त्यांचें त्यांनाच करूं द्या.” पुढें कोणीं सुचविल्यावरून आम्ही त्यांस मोटारीनें धुळ्यास सुया टोंचून उपचार करणाऱ्या एका चिकित्सकाकडे नेऊं लागलों. ते म्हणाले, “सुया चालू असतां व्यायाम नको.” इकडे व्यायामवाले सुयांना थोतांड म्हणत. या ओढाताणींत पहिले तीन महिने गेले. आणि गेलेली हालचाल परत येण्याचा वेग बहुधा याच काळांत अधिक असतो, हें आम्हांस मागाहून कळलें. जन्मभर मास्तरकी केली, पण दोन गुरूंच्या तंट्यांत शिष्याचें काय होतें हें घरांतच दिसेना!

चीनमध्यें हा तंटा शिक्षणांतच मिटविण्याचा यत्न झाला. तेथें १९५६ सालीं पेकिंग, शांघाय, कँटन व चेंगडू येथें देशी वैद्यकाचीं विद्यालयें निघालीं. पुनर्वसनाचें शास्त्र शिकणाऱ्यास मज्जातंतूंची रचना आणि चालण्याचा सराव यांबरोबर सुया, मर्दन व औषधी वनस्पतीची धग हींही तेथें शिकवितात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं चीनला गेले व १९४२ सालीं तेथेंच वारले, हें वाचकांस ठाऊक आहेच. त्यांच्याच पथकांतील डॉ. विजयकुमार बसू यांनीं पुढें ही सुयांची विद्या चीनमध्यें शिकून १९५९ पासून कलकत्त्यास चालविली. महाराष्ट्रानेंही तिच्यासाठीं २०१५ चा कायदा केला.

सुयांनीं पक्षाघात बरा होतो, असें आम्ही म्हणत नाहीं. झालेले प्रयोग बहुधा लहान व त्यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. व्यायामाचा आधार त्याहून भक्कम. म्हणूनच व्यायाम मुख्य आणि सुई त्याची मदतनीस, हा क्रम खाटेपाशीं उभा राहून शिकविणारा एकच गुरु हवा. नुसतें शास्त्र किंवा नुसतें कर्म जाणणाऱ्या वैद्यास सुश्रुतानें एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे. आमच्या दादांस असे दोन पक्षी भेटले.

हल्लीं दादा कळण्याच्या भाकरीचा तुकडा उजव्या हातानें मोडूं पाहतात. कधीं मोडतो, कधीं ताटाबाहेर पडतो. सून मदतीस धांवली कीं आम्ही डोळ्यांनीं खुणावतों. ती हात मागें घेते आणि तशीच उभी राहते.