चष्म्याऐवजी भिंग

डोंबिवलीहून सकाळच्या गाडीत शिरताना गर्दीचा पहिला धक्का बसतो तो चष्म्याला. कल्याण-ठाण्याच्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको. मग मनात येते, शस्त्रक्रियेवाचून चष्मा सुटेल का? पुष्कळांचा सुटेल, पण भिंगाशी नीट वागले पाहिजे.

हे भिंग, म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्स, डोळ्याच्या पारपटलावर अश्रूंच्या पातळ थराच्या आधाराने बसते. १९६१ साली चेक शास्त्रज्ञ ओटो विख्टरले यांनी मऊ भिंगे घरच्या घरी, मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग जोडून केलेल्या यंत्रावर घडवली. आज मऊ भिंगे रोज बदलायची किंवा महिनाभर वापरायची अशी मिळतात. पारपटल शंकूसारखे पुढे आले असेल, तर प्राणवायू आत जाऊ देणारे कडक भिंग बरे. रात्री घालून सकाळी काढायचेही एक भिंग आहे. मात्र वापर थांबला की त्याचा गुण ओसरतो.

भिंगाचा खरा वैरी पाणी! पिण्यास चांगल्या असलेल्या नळाच्या पाण्यातही अकँथामीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो भिंगाखाली अडकला, तर पटलावर व्रण पडून प्रसंगी दृष्टी जाते. म्हणून भिंग त्याच्या द्रावणानेच धुवा; पोहताना, आंघोळीला घालू नका. पावसात भिजून घरी आलात, तर आधी साबणाने हात धुवा, कोरडे पुसा, मगच भिंगाला बोट लावा. नेहमीचे भिंग घालून झोपू नका. डोळा लाल झाला, दुखू लागला, तर भिंग काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

आणि हो, चष्मा टाकून देऊ नका. भिंगाला सुट्टी द्यायची वेळ आली, की तोच कामी येतो.