हॅम्लेटचे वय

हॅम्लेट सूड घ्यायला उशीर का करतो, याचे मनोविश्लेषणात्मक उत्तर पहिल्यांदा फ्रॉइडने दिले. स्वप्नांवरील ग्रंथात (१९००) त्याने ही दिरंगाई ईडिपसच्या कथेशी जोडली. अर्नेस्ट जोन्सने १९१० च्या निबंधापासून १९४९ च्या पुस्तकापर्यंत तेच सूत कातले. बापाला मारून आईला मिळवण्याची मनात दडलेली इच्छा काकानेच पुरी केली, मग त्याला मारायचे कोणत्या तोंडाने, असा हा युक्तिवाद. तो चतुर आहे. पण त्यात पाळण्यातले मूल तेवढे दिसते, विटेनबर्गचा विद्यार्थी दिसत नाही.

तो दिसला मनोविश्लेषक एरिक एरिक्सनला. 'चाइल्डहुड अँड सोसायटी'त (१९५०) मांडलेल्या मानसिक वाढीच्या आठ टप्प्यांपैकी पहिले चार इथे फारसे कामाचे नाहीत. पाचव्यात, म्हणजे स्वत्वाच्या शोधात, सारे नाटक अडकले आहे. जबाबदारी अंगावर पडण्यापूर्वी तरुणाला थोडी सवड लागते, असे एरिक्सन मानतो. काका क्लॉडियस हॅम्लेटला विटेनबर्गला परतू देत नाही. ती सवड संपते. पाठोपाठ बापाचे भूत येऊन तयार भूमिकाच हाती ठेवते. नाव बापाचे, आता कामही बापाचेच. मग वेडाचे सोंग आणि नटमंडळींत रमणे ही निव्वळ टाळाटाळ उरत नाही. तो वेगवेगळ्या भूमिका अंगाला लावून पाहतो आहे. प्रेयसी ऑफेलियाशी जवळीक हा पुढचा टप्पा. स्वतःचाच पत्ता नसताना तो कोसळतो, आणि किंमत मोजते ती.

सगळा दोष आई गर्ट्रूडच्या शयनगृहात शोधणारे ऑफेलियाचा भाऊ लेआर्टीस आणि नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास यांना घाईने ओलांडतात. बाप गमावलेले हे आणखी दोन मुलगे. लेआर्टीस सुडाची भूमिका न तपासता उचलतो आणि क्लॉडियसच्या हातचे हत्यार होतो. फोर्टिनब्रासचेही नाव बापाचे, गादीवरही काकाच. पण त्याच्या रगीला पोलंडची वाट मिळते.

समुद्रप्रवासात हॅम्लेट बापाची मुद्रा वापरून आपल्या मृत्यूचा हुकूम असलेला खलिता बदलतो. परतल्यावर ऑफेलियाच्या थडग्यापाशी स्वतःला डेन, म्हणजे डेन्मार्कचा राजा, म्हणवतो. शोध संपतो, तेव्हा आयुष्यही संपत आलेले असते.

थडगे खणणाऱ्याच्या हिशेबाने हॅम्लेट तिशीचा ठरतो, म्हणून तारुण्याचा सिद्धान्तच बाद, असा एक आक्षेप अधूनमधून डोके वर काढतो. नाटकाच्या १६०३ च्या छापील प्रतीत दरबारी विदूषक यॉरिकची कवटी पुरून १२ च वर्षे झाली आहेत, म्हणजे त्याच्या पाठीवर खेळलेला हॅम्लेट बराच लहान ठरतो, हे आक्षेपकांनी पाहावे. शिवाय टप्पा पंचांगावर चालत नाही. विटेनबर्गशीच नाते असलेल्या ल्यूथरवरील पुस्तकात (१९५८) एरिक्सनने लांबलेले तारुण्यच तर उलगडले आहे.

अलीकडे मात्र आठ रकान्यांचा तक्ता आखून त्यात संवाद भरण्याची परीक्षार्थी रीत बोकाळली आहे. हॅम्लेटच्या बालपणाचा जिवंत पुरावा यॉरिकच्या पाठीवरच्या खेळापुरताच. पहिले रकाने भरायचे तर कल्पनाच करावी लागते. शेवटचा रकानाही तसाच: आयुष्याचा हिशेब तो वार्धक्यात नव्हे, विष अंगात भिनत असताना मांडतो, आणि ती कहाणी सांगायचे काम मित्र होरेशियोवर सोपवतो.