पुवात अडकलेलं पाणी

किडते जबड्यातली दाढ, आणि पू उतरू शकतो थेट छातीत. घशाच्या मागे आणि कण्याच्या पुढे पातळ पडद्यांमध्ये एक फट असते. ती कवटीच्या तळापासून श्वासपटलापर्यंत जाते, आणि पुवाला वाटेत अडवणारं तिथं काही नसतं.

परभणी तालुक्यातल्या पिंगळीत काय, पुण्यात काय, मान आखडली की आधी बाम चोळायचा आणि शेक द्यायचा. बहुतेकदा तेवढ्यानं भागतंही. पण सोबत ताप असेल, घास गिळवत नसेल, तोंड उघडेना झालं असेल, तर शेकत बसू नये. पिंगळीकरांनी त्याच दिवशी परभणी गाठावी; मानेत खोलवर पू साचला असेल तर श्वास कोंडायला वेळ लागत नाही.

पू खोल स्नायूंपाशी दडलेला, त्यामुळे नुसतं चाचपून त्याचा पत्ता लागत नाही. बाजूनं काढलेल्या साध्या एक्स-रेत डॉक्टर दुसऱ्या मणक्यापुढच्या मऊ भागाची जाडी मोजतात. ती 7 मिलिमीटरच्या वर गेली की शंका बळावते. मग सिटी स्कॅन. शिरेतून आयोडीनयुक्त औषध सोडतात. जिथं रक्त पोचतं तिथं ते पोचतं. पुवाच्या पोटात रक्तवाहिन्याच नाहीत, म्हणून मधला भाग काळसर राहतो आणि भोवतीची सुजलेली कडा उजळते.

तरीही नुसती सूज आहे की पू साचलाय, हे सिटीवरून कधीकधी उलगडत नाही. अशा वेळी एमआरआय जे करतो, त्याचं मला राहून राहून नवल वाटतं. शरीरातल्या पाण्याचे रेणू सतत भटकत असतात आणि हे यंत्र ती भटकंती मोजतं. सुजेतलं पाणी बऱ्यापैकी मोकळं फिरतं. पू मात्र मेलेल्या पेशी, जंतू आणि प्रथिनांनी दाटलेला. त्यातले रेणू जत्रेच्या गर्दीत सापडल्यासारखे जागीच अडकतात, आणि पडद्यावर तेवढाच भाग लख्ख पांढरा दिसतो. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढी ही हालचाल, पण चीर द्यायची की नाही हे ठरवायला तिची मदत होते!

मानेच्या कण्याला क्षय झाला तरी पू साचतो, पण त्वचा ना लाल होते ना तापते. स्कॅनमध्ये मणका पोखरलेला दिसतो, आणि मग महिनोन्महिने क्षयाची औषधं घ्यावी लागतात.

सगळ्यात फसवा आजार वेगळाच. कण्यापुढच्या लाँगस कोलाय स्नायूच्या टोकाशी, पहिल्या-दुसऱ्या मणक्यापुढे, कॅल्शियम साठतं. मान ताठ, गिळताना कळा, कधी तापही. हुबेहूब पुवाचीच लक्षणं. सिटीत तो पांढरा ठिपका सापडला आणि भोवती साचलेल्या पाण्याला उजळ कडा नसली, तर चाकू लावायचं कारण उरत नाही. वेदनाशामक गोळ्यांवर माणूस साधारण एक-दोन आठवड्यांत बरा होतो.