दुरुस्त होणारा कीबोर्ड

संगणकाच्या किमतीत कीबोर्डचा वाटा इतका अल्प असतो की, धोरणाच्या चर्चेत त्याचा उल्लेख विचित्र वाटावा. तरीही सरकार वस्तू कशा विकत घेते, कशा वापरते आणि कशा टाकून देते हे समजून घ्यायचे असेल, तर इतके सोपे उदाहरण क्वचितच सापडेल. गेल्या सुमारे ४० वर्षांत कीबोर्ड हे दुरुस्त होणारे यंत्र राहिले नाही, ती फेकून देण्याची वस्तू झाली. हा इतिहास छोटा आहे. त्यातून निघणारा प्रश्न मात्र आजचा आहे.

आयबीएमने १९८५ मध्ये आणलेला ‘मॉडेल एम’ हा कीबोर्ड जगभरचे संग्राहक आजही जपून ठेवतात. त्याच्या प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग असते. कळ दाबली की ठरावीक बिंदूला ती बाजूला वाकते, तळाची चिमुकली पट्टी कलते आणि अक्षराची नोंद होत असतानाच ‘टक्’ असा आवाज येतो. बोटाला आणि कानाला एकदमच पोच मिळत असल्याने पडद्याकडे न पाहता लिहिणाऱ्याच्या मनात शंका राहत नाही. या यंत्राचा एक दोष प्रसिद्ध आहे. आतला धातूचा पत्रा प्लॅस्टिकच्या रिव्हेटांनी धरून ठेवलेला असतो आणि वयोमानाने ते रिव्हेट तुटतात. त्यावरचा उपाय जाणकारांना पाठ आहे: तुटके अवशेष तासून काढायचे, बारीक छिद्रे पाडायची आणि नट-बोल्ट बसवायचे. एका संध्याकाळच्या कामात तीन-साडेतीन दशके जुने यंत्र पुन्हा कामाला लागते. अमेरिकेत केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे युनिकॉम्प ही कंपनी १९९६ पासून याच रचनेचे कीबोर्ड बनवत आली आहे.

भारतीय कार्यालयांना यांत्रिक कीबोर्डची ओळख झाली ती प्रामुख्याने चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सच्या ‘टीव्हीएस गोल्ड’मुळे. बँकेत किंवा दुकानाच्या बिल-काउंटरवर ऐकू येणारा त्याचा खणखणीत आवाज अनेक वाचकांच्या ओळखीचा असेल. त्यात अनेक वर्षे जर्मनीच्या चेरी कंपनीचे निळे स्विच वापरले गेले. प्रत्येक कळीला स्वतंत्र स्विच, त्यात एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पात्या, एवढीच त्याची रचना. एकदा कळ दाबली असता अक्षर दोनदा उमटू लागले, तर दोष बहुधा त्या एकाच स्विचच्या संपर्कबिंदूंत असतो. तारेच्या चिमट्याने कळीची टोपी उचलायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्विच साफ करून पाहायचा. गुण आला नाही, तर सोल्डरिंगचे दोन टाके सोडवून नवा बसवायचा. बाकीच्या शंभराहून अधिक कळांना हातही लावावा लागत नाही.

दिल्लीचे नेहरू प्लेस, चेन्नईची रिची स्ट्रीट, बेंगळुरूचा एस. पी. रोड आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड या बाजारपेठा अशा कौशल्यावर वाढल्या. त्यामागे आणखी जुनी परंपरा आहे. गोदरेज अँड बॉइसने १९५५ मध्ये टंकलेखन यंत्रांचे उत्पादन सुरू केले आणि २००९ मध्ये ते थांबवले. मधल्या अर्धशतकात ती यंत्रे उघडणाऱ्या, तेल देणाऱ्या, अक्षरांचे खिळे सरळ करणाऱ्या कारागिरांचा एक वर्गच देशभर उभा राहिला. यंत्र उघडता येते आणि त्यातला बिघडलेला भाग वेगळा काढता येतो, ही त्या वर्गाची मूलभूत श्रद्धा होती. यांत्रिक कीबोर्डने ती सार्थ ठरवली.

स्वस्त कीबोर्डने मात्र ती मोडीत काढली. त्यात सर्व कळांखाली रबराची एकच चादर आणि तिच्याखाली प्लॅस्टिकच्या पातळ थरांवर छापलेले विद्युतमार्ग असतात. एक मार्ग तुटला की सुटा भाग मिळत नाही, आणि कारागिराची मजुरी नव्या कीबोर्डच्या किमतीला भिडते. तेव्हा फेकून देणेच शहाणपणाचे ठरते. किमान दराच्या निविदेत हाच कीबोर्ड जिंकतो, कारण निविदा पहिल्या दिवसाचा दर पाहते, दहाव्या वर्षाचा खर्च पाहत नाही.

हा खर्च ढोबळपणे मोजता येतो. कर्मचारी निवड आयोगाच्या इंग्रजी टंकलेखन चाचणीत मिनिटाला ३५ शब्द, म्हणजे तासाला १०,५०० कळदाब अपेक्षित असतात. कोणी याच गतीने रोज ६ तास, वर्षाला २५० दिवस काम केले, तर वर्षाचे दाब सुमारे १ कोटी ५७ लाख होतात. सर्वाधिक वापराच्या कळीवर त्यांचा सहावा हिस्सा पडतो असे धरले, तरी ते सुमारे २६ लाख. चेरीच्या निळ्या स्विचचे आयुष्य उत्पादक ५ कोटी दाब सांगतो. म्हणजे अविरत टंकलेखनातही तो कागदोपत्री सुमारे १९ वर्षे टिकावा. आणि त्याआधी बिघडलाच, तर बदलता येतो.

आपले नियम या हिशेबाची दखल घेत नाहीत. सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम २१७ नुसार वस्तू अतिरिक्त, कालबाह्य वा निरुपयोगी घोषित करता येते आणि त्यासाठी समिती नेमता येते. अशा समित्यांवर मी काम केले आहे. वस्तू दुरुस्त होईल का, हा प्रश्न तेथे निघतो. पण ज्याने कधी कीबोर्ड उघडला आहे असा माणूस त्या खोलीत नसतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम संगणकाची मोजदाद ‘निवेश व निर्गत साधनांसह’ करतात. कीबोर्ड कचरा झाला की त्याचे काय करायचे हे त्यातून ठरते. तो कचरा होऊ नये यासाठी काय करायचे, हे ठरत नाही.

दिशा बदलण्याची संधी मात्र आली आहे. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू केले. दुरुस्ती-सुलभता निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल सादर केला. यंत्र उघडण्याची सुलभता, सुट्या भागांची उपलब्धता व किंमत, दुरुस्तीची माहिती आणि लागणारी हत्यारे हे निकष त्यात आहेत. फ्रान्सने असा निर्देशांक १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप, स्मार्टफोन आदी काही वस्तूंना लागू केला. आपल्याकडे निर्देशांक ग्राहकाच्या माहितीपुरता राहू नये, तो निविदेच्या अटींतही यावा. दिवसभर टंकलेखन चालणाऱ्या न्यायालये, नोंदणी कार्यालये आणि परीक्षा केंद्रांपासून आरंभ करता येईल: कळ स्वतंत्रपणे बदलता यावी, दहा वर्षे सुटे भाग मिळावेत आणि निर्लेखनापूर्वी स्थानिक कारागिराचा लेखी अभिप्राय घ्यावा.

परीक्षा केंद्राचा उल्लेख मी मुद्दाम केला. तेथील एखादी कळ अडकली किंवा अक्षर दोनदा उमटले, तर चूक उमेदवाराच्या नावावर मोजली जाण्याचा धोका असतो आणि त्याची नोकरी त्यावर अवलंबून असते. दरम्यान, काही हौशी तरुण भंगारातून जुने कीबोर्ड उचलतात, धुऊन-पुसून, स्विच बदलून वापरात आणतात. आपल्या भांडारांनी ज्याची किंमत शून्य लिहिली, ती वस्तू त्यांच्या मेजावर काम करीत आहे. पुढच्या निविदेचा मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्याने त्यांपैकी एखादा कीबोर्ड उघडून पाहावा.