घरचे नियम

खेळ तोच असला तरी घर बदललें कीं त्याचे नियम बदलतात, हा अनुभव आपणां सर्वांस आहे. वर्तकनगरांतील दोन शेजारच्या इमारतींत कॅरमच्या राणीविषयीं एकवाक्यता आढळली, तर ती आश्चर्याचीच गोष्ट समजावी. पत्त्यांतील 'बदाम सात' हा खेळ घ्या. हातांत लावण्याजोगें पान असतांना 'पास' म्हणावें कीं नाहीं, या प्रश्नावरून सुटीच्या दिवसांत जितके तंटे होतात तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असतील. एका घरीं पान असेल तर तें लावलेंच पाहिजे. दुसऱ्या घरीं तें दडवून ठेवण्याची मुभा असते. वरवर पाहतां फरक क्षुल्लक वाटतो. परंतु पहिल्या घरीं खेळ बव्हंशीं नशिबाचा होतो. दुसऱ्या घरीं इस्पिकची सत्ती दाबून धरणारी मुलगी साऱ्या मंडळींस अडवूं शकते, आणि अडवितांना आपलींच पानें तर अडकून राहत नाहींत ना, हेंही तिला पाहावें लागतें. एका वाक्याच्या नियमानें खेळाचा स्वभावच पालटला.

प्रस्तुत लेखाचा विषय अशाच घरगुती नियमांचा आहे. मात्र ज्या खेळासाठीं ते करावयाचे तो खेळ पालकांपैकीं पुष्कळांस अपरिचित असेल. त्यास आपण भूमिकाखेळ म्हणूं. टेबलाभोंवतीं चार-पांच जण कागद-पेन्सिल घेऊन बसतात. त्यांतील एक सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो: नदीला पूर आला आहे, पलीकडे एक दिवा हलतो आहे, तुम्ही काय करतां? आपलें पात्र काय करील तें प्रत्येक जण सांगतो, आणि ज्या कृत्याचें यश निश्चित नाहीं तेथें फांसा टाकून निर्णय होतो. फांसे दिसतांच वडीलधाऱ्या मंडळींस द्यूतपर्व आठवणें साहजिक आहे. पण येथें पैशाचा पण नसतो, आणि शेवटीं कोणी जिंकलें असेंही होत नाहीं. पट असला तर असतो, नसला तरी अडत नाहीं.

या खेळाचा वंशवृक्ष पाहिला तर तो आरंभापासून घरच्या नियमांनींच वाढलेला दिसतो. १८२४ सालीं प्रशियाच्या तोफखान्यांतील फॉन राइसवित्स नांवाच्या तरुण अधिकाऱ्यानें लष्करी शिक्षणासाठीं एक युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यांत नकाशा होता, फांसे होते, आणि दोन्ही पक्षांच्या आज्ञा ऐकून परिणाम सांगणारा एक पंच होता. आमचा सूत्रधार तो या पंचाचा वंशज. पुढें १९६९ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांत डेव्हिड वेस्ली यानें अशाच एका युद्धखेळांत खेळाडूंस सैन्याऐवजीं एका काल्पनिक गांवांतील एकेक व्यक्ति दिली. सैन्यें भिडण्यापूर्वींच सारे खेळाडू आपापसांत मसलती करीत सुटले, आणि प्रयोग फसला असें वेस्लीस वाटलें. खेळाडूंस मात्र तो इतका आवडला कीं त्यांनीं तो पुन्हां मागितला. त्या मंडळींत डेव्ह आर्नेसन होता.

आर्नेसननें ब्लॅकमूर नांवाचा आपला एक काल्पनिक प्रांत मांडला, आणि मारामारीसाठीं गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या १९७१ सालच्या 'चेनमेल' या पुस्तकांतील नियम घेतले. त्या नियमांत फांसा विरुद्ध पडला कीं माणूस तात्काळ मरे. शंभर शिपायांच्या पलटणीस हें शोभतें. परंतु ज्याला नांव दिलें, ज्याच्या आईबापांची कथा रचली, त्या पात्राचा एका फांशानें अंत व्हावा हें खेळाडूंस सहन होईना. तेव्हां आर्नेसननें लोखंडी युद्धनौकांच्या खेळांतील एक युक्ति उचलली. नौका एका गोळ्यानें बुडत नाहीं, गोळ्यागणिक कमकुवत होत जाते. त्याचप्रमाणें पात्रालाही कांहीं अंक द्यावे व प्रत्येक घावाबरोबर ते कमी करावे. यांस प्राणांक म्हणूं. १९७४ सालीं गायगॅक्स व आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन पुस्तिकांच्या पेटीरूपानें निघाला. पहिल्या छपाईच्या पेट्या अवघ्या १,००० होत्या, आणि अडल्या जागीं खेळाडूंनीं स्वतःचीच कल्पना चालवावी असें त्या पुस्तिकांच्या अखेरीस सुचविलेलें होतें.

प्राणांकांमुळें पात्रें अधिक दिवस जगूं लागलीं हें खरेंच. पण त्याहून मोठी गोष्ट झाली. दहांपैकीं चार प्राणांक उरले असतां पुढें जावें कीं मागें फिरावें, हा निर्णय खेळाडूच्या हातीं आला. पूर्वीं तो फांशाच्या हातीं होता. नवा नियम सुचला कीं हेंच विचारावें: हा नियम कोणाच्या हातून काय काढून घेतो, आणि कोणाच्या हातीं काय देतो?

बहुतेक प्रत्येक नव्या सूत्रधारास सुचणारा एक नियम या कसोटीस लावून पाहूं. या खेळांत वीस पैलूंचा फांसा वापरतात. त्यावर कोणताही एक अंक पडण्याचा संभव शेंकडा ५ असतो. 'वार करतांना १ पडला तर हातांतील शस्त्र गळून पडावें,' असा हा नियम. ऐकतांना मौज वाटते. पण नवशिका शिपाई एका फेरींत एकच वार करतो, आणि कसलेला पट्टेकरी चार. नवशिक्याचें शस्त्र शंभर फेऱ्यांत सरासरी ५ वेळां पडेल. पट्टेकऱ्याच्या चारही वारांत १ न पडण्याचा संभव म्हणजे एकोणीस-विसांश या अपूर्णांकाचा चार वेळां गुणाकार, अर्थात् शेंकडा सुमारें ८१. तेव्हां शंभरांपैकीं १८-१९ फेऱ्यांत त्याचें शस्त्र हातून सुटणार. ज्याचा हात अधिक वळलेला त्याच्याच हातून तलवार अधिक वेळां पडावी, हा न्याय उलटा झाला. नियम करणाऱ्याच्या मनांत तसें नव्हतें, परंतु गुणाकार कोणाचें मन पाहत नाहीं. नियमाची हौसच असेल तर तो फेरीच्या पहिल्या वारापुरता ठेवावा, म्हणजे दोघांस संभव सारखा होतो.

दुसरा नियम याहून गोड दिसतो, म्हणून अधिक जपावयास हवें. 'जो खेळाडू आपल्या पात्राचें भाषण ऐटीनें करून दाखवील त्याला फांशावर दोन अंक अधिक.' वक्तृत्वाची आवड वाढेल म्हणून पालकांसही तो पसंत पडेल. परंतु पांच मुलांत एखादें अडखळत बोलणारें, चारचौघांत संकोचणारें मूल असतें. त्यानें मोठ्या हौसेनें वकिलाचें पात्र घेतलेलें असतें, कारण जें वर्गांत साधत नाहीं तें निदान येथें साधावें. तलवारबहाद्दर पात्राच्या खेळाडूस 'ऊठ, पट्टा फिरवून दाखीव' असें कोणी म्हणत नाहीं. मग वकिलाच्या खेळाडूवरच भाषणाची सक्ति कां? या नियमानें पात्राचा गुण काढून घेतला व तो बोलक्या मुलाला बहाल केला. आणि ज्याच्याकडून घेतला तें मूल तक्रार करणार नाहीं; पुढच्या रविवारीं नुसतें येणार नाहीं. सूत्रधारानें भाषण मागण्याऐवजीं मुद्दा विचारावा: किल्लेदाराचें मन काय सांगून वळवितोस? मुद्दा चांगला असेल तर अंक द्यावेत. मुद्दा एका वाक्यांत सांगतां येतो, चिठ्ठीवर लिहूनही देतां येतो.

कोणी म्हणेल, इतका खल कशाला? सुज्ञ सूत्रधाराच्या विवेकावर सोडावें. प्रशियांतही हा वाद झाला होता. १८७६ सालीं व्हर्डी द्यु व्हर्नुआ या सेनाधिकाऱ्यानें कोष्टकें व फांसे बाजूस ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर युद्धखेळ चालवावा असा पक्ष मांडला. रणांगण पाहिलेल्या माणसांत तें चालेल. आमचा सूत्रधार चौदा वर्षांचा असतो आणि त्याचा जिवलग मित्र समोरच बसलेला असतो. तेथें बाकीच्यांस आधार काय तो वहींत लिहिलेल्या नियमाचा.

आतां असा नियम रचावा कसा, याचें उदाहरण आपल्याच मुलुखांतून घेऊं. १७३७ च्या मार्च महिन्यांत चिमाजीअप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांनीं खाडी ओलांडून ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. किल्ल्याचें बांधकाम तेव्हां पुरेंही झालेलें नव्हतें. आज तेथें मध्यवर्ती कारागृह आहे. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक पुरुषांचा या कार्यांत मोठा भाग होता. त्या काळावर खेळ मांडावयाचा तर पात्रें आयतीं मिळतात: कोळी नावाडी, किल्ल्यावर राबणारा गवंडी, दोन्हीं भाषा जाणणारा दुभाषा, वेष पालटून फिरणारा जासूद. खाडी मात्र आपणांसच करावी लागते.

प्रथम सुचतें तें असें कीं दर प्रहरीं फांसा टाकावा. सम पडला तर भरती, विषम पडला तर ओहोटी. सुटसुटीत आहे, पण खोटें आहे, कारण भरती नशिबानें येत नाहीं. तिची वेळ काढण्याची कोंकणकिनाऱ्याची जुनी रीत कित्येक आजोबांस अजून पाठ असेल: तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजतां सुमारें पूर्ण भरती. चतुर्थीस ३ वाजतां, अष्टमीस ६ वाजतां, पौर्णिमेस व अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास. तेथून सहा तासांनीं पूर्ण ओहोटी, आणि सुमारें साडेबारा तासांनीं पुन्हां भरती. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असतें, म्हणजे पाणी फार चढतें व फार उतरतें. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हां चढउतार थोडा. हा हिशेब ठोकळ आहे. खरी होडी लोटणाऱ्यानें भरतीचें छापील कोष्टकच पाहावें. खेळास एवढें पुरतें.

तेव्हां नियम असा करावा. आरंभीं सूत्रधारानें तिथि सांगावी व पुढें भरतीविषयीं अवाक्षर काढूं नये. हिशेब खेळाडूंनीं करावा. भरतीच्या वेळीं होडी थेट तटाखालीं लागते, पण पहाराही जागा असतो. म्हणून दोन साधे फांसे दोनदां टाकावे, एकदां खाडींत व एकदां तटाखालीं, आणि दोन्हीं वेळां बेरीज ७ किंवा अधिक यावी. ओहोटीच्या वेळीं पायीं चिखल तुडवावा लागतो. तेथें ९ किंवा अधिक हवेत, परंतु फांसे एकदांच टाकावयाचे, कारण चिखलाकडून कोणी येईल अशी पहाऱ्याची अपेक्षा नसते. चिखलांतील वाट ठाऊक असलेला कोळी बरोबर असेल तर तेथें बेरजेंत एक मिळवावा. उधाणाच्या ओहोटीस चिखल फार लांबवर उघडा पडतो, म्हणून त्या दिवशीं ९ ऐवजीं १० धरावेत.

आतां गणित पाहा. दोन फांसे ३६ प्रकारांनीं पडतात. त्यांपैकीं २१ प्रकारांत बेरीज ७ किंवा अधिक येते. तें दोनदां साधण्याचा संभव शेंकडा ३४. चिखलांत ९ किंवा अधिक येण्याचे प्रकार १०, म्हणजे शेंकडा सुमारें २८, होडी बरी. पण कोळी सोबत घेतला कीं ८ पुरतात, १५ प्रकार होतात, संभव शेंकडा सुमारें ४२. आतां चिखल बरा. आणि पौर्णिमा असेल तर कोळी असूनही ९ च लागतात, संभव पुन्हां २८, आणि होडी वर येते! कोणाला बरोबर घ्यावें, कोणत्या तिथीस निघावें, किती वाजतां, हे सारे निर्णय खेळाडूंच्या हातीं आले. शिवाय ज्यानें तलवारीऐवजीं वल्हें घेतलेलें पात्र निवडलें त्याची किंमत वाढली. कळव्याकडे जातांना आगगाडी खाडी ओलांडते, तेव्हां खिडकींतून कांठचा चिखल पाहून ठेवावा. वर्णनास उपयोगीं पडेल.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. दोन फांशांच्या खेळांत तो एक अधिक अंक १४ टक्के देऊन गेला. वीस पैलूंच्या फांशावर तोच अंक फक्त ५ टक्के देतो. तेव्हां एका खेळाचा नियम दुसऱ्यांत उचलून घालतांना अंक जसेच्या तसे नेऊं नयेत.

बाकीचें थोडक्यांत सांगतों. नियम फांसा हातीं घेण्यापूर्वीं सांगावा, पडल्यावर नव्हे. सर्वांस मान्य आहे कीं नाहीं हें विचारतांना सर्वांत कमी बोलणाऱ्यास प्रथम विचारावें. तीन बैठकी चालवून पाहावा. चौथ्या बैठकींत तो विसरला गेला आणि कोणाच्या ध्यानांतही आलें नाहीं, तर वहींतून खोडून टाकावा. ज्या नियमानें एखाद्याचें पात्र मेलें तो त्याच सायंकाळीं बदलूं नये, मग तें पात्र सूत्रधाराच्या धाकट्या बहिणीचें कां असेना. बदल पुढच्या बैठकीपासून.

वीस पैलूंचा फांसा न मिळाला तर अडून बसण्याचें कारण नाहीं. १ ते २० अंकांच्या सारख्या घडीच्या चिठ्ठ्या डब्यांत घालून एक काढावी. मात्र काढलेली चिठ्ठी दर वेळीं परत टाकून डबा हलवावा. नाहीं तर दुसऱ्या चिठ्ठीचा संभव वीसांत एक न राहतां एकोणिसांत एक होतो, आणि गणितांत लक्ष असलेला एखादा खेळाडू २० ची चिठ्ठी अजून आंत आहे हें ओळखून मोठा वार शेवटासाठीं राखून ठेवतो. कित्येकांस त्यांतच मौज वाटेल. पण मग तो निराळा नियम झाला, आणि तो खेळापूर्वीं वहींत लिहिला पाहिजे.